गुणोत्तराचा वर्ग : डेन्मार्कमधल्या एका सेमिस्टरचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०१९ मधल्या एका दुपारी माझ्या फोनवर दोन शब्द आले : "सर, चार."

पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. मेकॅनिकलची, चारही वर्षं डिस्टिंक्शन, वर्गात कुणाचं जर्नल अपुरं राहिलं तर रात्री बसून पुरं करून देणारी. डेन्मार्कला पवनऊर्जेच्या एम.एस्सी.साठी जाऊन तिला पाच महिने झाले होते. चार कशाचे, कितीपैकी, मला उमगेना. तिच्या वडिलांनाही उमगलं नव्हतं. त्यांनी "दहापैकी का गं?" एवढंच विचारलं आणि तिनं फोन ठेवून दिला.

दहापैकी नाहीत. डेन्मार्कमध्ये २००७ पासून सात पायऱ्यांची गुणश्रेणी आहे : १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३. होय, उणे ३. ०२ मिळाले की पास. त्या दोनाच्या आधी शून्य का, तर कुणी पुढे एक ओढून त्याचे बारा करू नयेत म्हणून, असं तिकडची मुलं सांगतात. खरं असेल तर मार्कशीटवर हात चालवणारे फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. चार म्हणजे पास, पण कुणाला सांगावं असं नाही. त्या प्रोजेक्टच्या गटात ती धरून पाच जण होते. बाकीच्यांना १२, १०, १० आणि ७ मिळाले.

आणि त्या पाचांत सगळ्यात जास्त तास तिनं घातले होते. हे ती म्हणते म्हणून लिहीत नाही. तिच्या गटातल्या दोघांशी मी पुढे व्हिडिओ कॉलवर बोललो, दोघांनीही ते न विचारताच कबूल केलं. मग चार का? मी गेली बरीच वर्षं सातारा जिल्ह्यात अभियांत्रिकी शिकवतो, परदेशी जाणाऱ्या मुलांना शिफारसपत्रं देतो, आणि हा प्रश्न मला सोडवत नव्हता. म्हणून तिची प्रोजेक्ट डायरी, गटाचा करार, ईमेल आणि रिपोर्ट असं सगळं तिच्याकडून मागून घेतलं. तिच्या परवानगीनं लिहितो आहे. नाव, गाव, विद्यापीठ देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घरून निघताना

तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घरच्या गच्चीवरून चाळकेवाडीच्या पठाराची कड दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर पवनचक्क्याही. ठोसेघरचा धबधबा बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं त्या पाहिल्या आहेत. लहानपणापासून त्या फिरताना बघितल्यामुळे तिला पवनऊर्जेतच शिकायचं होतं, आणि त्यासाठी डेन्मार्कहून चांगली जागा शोधणं अवघड. जगातलं पहिलं समुद्रातलं पवनचक्क्यांचं शेत १९९१ साली तिथे विंडेबीला उभं राहिलं. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी देशाला लागणाऱ्या विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज वाऱ्यातून आली होती.

पैशाचं गणित आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते सतत आड येतं. युरोपीय संघातल्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कमध्ये फी नाही. डॅनिश विद्यार्थ्यांना तर फी नाहीच, वर सरकार दरमहा अनुदान देतं, त्या वेळी घराबाहेर राहणाऱ्याला सुमारे सहा हजार क्रोनर, कर कापण्याआधी. क्रोनर तेव्हा अकरा रुपयांच्या आसपास होता. संघाबाहेरच्यांना मात्र २००६ पासून पूर्ण फी भरावी लागते. तिनं बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, घर तारण ठेवून. विद्यार्थी व्हिसावर तेव्हा आठवड्याला २० तास काम करता यायचं. शनिवार-रविवार ती एका हॉटेलात खोल्या साफ करायची. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. गटातही सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्ट म्हणजे काय

आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे शेवटच्या वर्षाची ब्लॅक बुक, काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट. तिच्या विद्यापीठात प्रोजेक्ट प्रत्येक सेमिस्टरला, आणि सेमिस्टरच्या ३० क्रेडिटपैकी १५ त्याचे. उरलेल्या १५ मध्ये तीन विषय. ही पद्धत डेन्मार्कमध्ये रुजवली ती रोस्किल्ड (१९७२) आणि आल्बोर्ग (१९७४) या तेव्हा नव्या असलेल्या विद्यापीठांनी. मास्तरानं सांगायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं, या शिक्षणाला कंटाळलेल्या पिढीनं काढलेली ही विद्यापीठं. तिचं विद्यापीठ याच वळणाचं. पाच-सहा जणांचा गट स्वतः प्रश्न निवडतो, तो प्रश्न मुळात का सोडवायचा हे आधी मांडतो, मग सोडवतो, एकच रिपोर्ट लिहितो आणि एकत्र तोंडी परीक्षेला बसतो. गुण मात्र प्रत्येकाला वेगळे.

एकत्र परीक्षा घेऊन वेगळे गुण कसे देता येतील, हा वाद डेन्मार्कमध्ये संसदेपर्यंत गेला. उजव्या सरकारनं गटपरीक्षांवर बंदी घातली होती, २०११ च्या सत्ताबदलानंतर ती उठली. तेव्हा तिची पंचाईत झाली त्यात नवल नाही. तिथल्या लोकांचंही यावर एकमत नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गट पडले. एका हॉलच्या भिंतींवर विषयांचे कागद चिकटवलेले, मुलं फिरताहेत, बोलताहेत, या कागदाकडून त्या कागदाकडे जाताहेत. आमची मुलगी खिडकीशी उभी. रोल नंबरप्रमाणे गट पडतील आणि कुणीतरी यादी लावेल याची ती वाट बघत होती. तासाभरानं एका पोलिश मुलीनं येऊन विचारलं, तुला पिच कंट्रोलमध्ये रस आहे का? अशी ती गटात आली. बाकी तिघांत दोन डॅनिश मुलगे आणि एक स्पॅनिश. डॅनिशांपैकी एक वयानं मोठा, आधी इलेक्ट्रिशियनचं काम केलेला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन पानी करार केला. सव्वाआठला यायचं, साडेअकराला जेवण, उशिरा येईल त्यानं केक आणायचा. पाचवं कलम मी शब्दशः वाचलं आहे. त्याचा मराठीत अर्थ असा : कुणाचंही काम दोन दिवसांहून जास्त अडलं तर त्यानं ते गटाला सांगावं. खाली पाच सह्या. तिचीही. केकचं कलम तिला गंमत वाटली आणि पाचवं कलम तिच्या डोळ्यांखालून गेलं. सही केली, आपण सगळे करतो तशी.

"चालू आहे"

विषय असा होता : वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की पवनचक्कीनं जास्त वीज करून उपयोग नसतो, यंत्र तुटेल. म्हणून पाती आपल्या आसाभोवती थोडी वळवून वारा सांडायचा. हे वळवणं म्हणजे पिच कंट्रोल. अभ्यासासाठी त्यांनी घेतली ती अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं कागदावर आखलेली ५ मेगावॉटची संदर्भ पवनचक्की. जगभरची विद्यापीठं तीच घेतात, कारण तिचा प्रत्येक आकडा खुला आहे. पात्यांचं वर्तुळ १२६ मीटर व्यासाचं, पाती फिरतात मिनिटाला जेमतेम बारा वेळा, आणि मधला गिअरबॉक्स जनरेटरला त्याच्या ९७ पट वेगानं फिरवतो. ९७ हा आकडा लक्षात ठेवा.

गटानं पहिले अडीच आठवडे एकही समीकरण मांडलं नाही. पिच कंट्रोल का, कुणाला हवं, ग्रिडचे, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याचे, नियम काय, बिघाड कुठे होतात, यावरच चर्चा. तिला हा वेळ फुकट वाटला. डायरीत तिनं लिहिलं आहे, "आजपण नुसत्या गप्पा." चर्चा चालू असताना ती लॅपटॉप उघडून गिअरबॉक्स आणि जनरेटरचं मॉडेल करत बसायची. कामं वाटली गेली तेव्हा अर्थातच मॉडेल तिच्याकडे आलं, आणि ते मॉडेल वापरून पाती वळवणारा कंट्रोलर बसवण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिला दिसलं की मॉडेल जुळत नाही. तुलनेसाठीचं जे तयार सॉफ्टवेअर होतं, त्यात वाऱ्याचा वेग एकदम वाढवला की पाती हळूहळू वेग घेत. तिच्या मॉडेलमध्ये ती जरा जास्तच चटकन वेग घेत. फरक फार नाही, दहा-बारा टक्के. पण जायला तयार नाही. तिनं सगळं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

सोमवारच्या बैठकीत प्रत्येकजण आपल्या कामाचं सांगायचा. तिची पाच आठवड्यांची उत्तरं डायरीत आहेत आणि ती सगळी एकच आहेत. इंग्रजीत ती जे म्हणायची ते मराठीतून आलेलं, आपल्या प्रत्येक सरकारी टेबलावर आणि रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक पाटीवर असलेलं वाक्य : काम चालू आहे.

याच महिन्यात वर्ग ट्विंडला जाऊन आला. पश्चिम जटलँडमध्ये उल्फबोर्गजवळ १९७५ ते ७८ या काळात तिथल्या शाळांच्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि आलेल्या-गेलेल्या स्वयंसेवकांनी मिळून एक अवाढव्य पवनचक्की बांधली. पवनचक्क्या बांधण्याचा धंदा त्यांच्यातल्या कुणाचाच नव्हता. ती अजून फिरते. तिनं मला फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "सर, एवढी जुनी!" मीही उत्तरात काँक्रीटच्या मनोऱ्याबद्दल काहीतरी तांत्रिक विचारलं. त्या दिवशी तिचं मॉडेल अडून आठ दिवस झाले होते. मला कसं कळणार, आणि मी विचारलं तरी कुठे.

नोव्हेंबरच्या मध्यावर आढावा सेमिनार होतं. दुसरा गट प्रश्न विचारतो, सुपरव्हायझर ऐकतो. तिनं तिथे एकच आलेख दाखवला : वारा स्थिर असताना वीज किती. तो आलेख तंतोतंत जुळत होता. जुळणारच होता, कारण वेग बदलतच नसेल तर चूक जिथे होती ती गोष्ट गणितात येतच नाही. हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं, पण थोडं ठाऊक होतं. खोटं काही नव्हतं त्यात, फक्त दुसरा आलेख तिनं आणला नव्हता. सुपरव्हायझरनं विचारलं, वारा बदलला की काय होतं? ती म्हणाली, त्यावर काम चालू आहे. तो म्हणाला, पुढच्या वेळी ते बघायला आवडेल.

"आवडेल" म्हणाला, म्हणजे जमलं तर दाखवा, असं तिनं धरलं. आपल्याकडे गाइड चिडला की समजतं. फाइल टेबलावर आपटली जाते, "उद्या सकाळी दहाला" असा हुकूम निघतो. तिथे याहून मोठ्या आवाजात कुणी काही सांगत नाही, हे तिला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये कळलं. तो वाक्यप्रयोग म्हणजेच हुकूम होता.

याच सुपरव्हायझरला हाक कशी मारायची हे तिनं पूर्ण सेमिस्टर सोडवलं नाही. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, आदरार्थी रूप बोलण्यातून जवळजवळ गेलेलंच आहे. 'सर' म्हणावं तर तो कसनुसा हसायचा, नुसत्या नावानं हाक मारायला तिची जीभ रेटेना. मग तिनं हाक मारणंच सोडलं. समोर जाऊन उभी राहायची आणि तो बघेपर्यंत थांबायची. बऱ्याचदा तो बघायच्या आत परत यायची.

तीन रात्री

गटातले बाकीचे चारला घरी जात. डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे चार म्हणजे रात्रच. ती अकरापर्यंत गटाच्या खोलीत बसायची. या सगळ्यांना कामाची फिकीर नाही, असं तिनं तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं, आणि मी तिला, "तू आपलं काम कर," असं सांगितलं होतं. हा माझा सल्ला मी इथे मुद्दाम नोंदवतो.

रिपोर्ट द्यायच्या आधीच्या तीन रात्री ती झोपली नाही. चूक सापडत नव्हती, म्हणून तिनं कंट्रोलरचे आकडे हातानं कमीजास्त करून आलेख बरा दिसेपर्यंत बसवले. पण मग ते आकडे इलेक्ट्रिशियननं लिहिलेल्या प्रकरणातल्या समीकरणांतून निघेनात. सगळे एकाच ऑनलाइन दस्तऐवजात लिहीत होते. पहाटे तीनच्या सुमारास तिनं त्याचं प्रकरण उघडलं आणि समीकरणांच्या आजूबाजूचा मजकूर बदलला, आकड्यांशी जुळेल असा. तिच्या मनात त्याला मदत करणं होतं. जर्नल पुरं करून देणारी मुलगी ती.

सकाळी सव्वाआठला त्यानं दस्तऐवज उघडला. कुणी काय बदललं ते तिथे वेळेसकट दिसतं. तो तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हे मला न विचारता बदललंस." एवढंच. कुणी आरडाओरडा केला नाही. पोलिश मुलगी उठून कॉफी करायला गेली. डायरीत त्या दिवशीची एकच ओळ आहे : "भांडले असते तर बरं झालं असतं."

मग तिनं सांगितलं. पाच नव्हे, एव्हाना आठ आठवडे झाले होते. इलेक्ट्रिशियन आणि पोलिश मुलगी तिच्या मॉडेलसमोर बसले. वीस मिनिटांत चूक सापडली. जनरेटरचा इनर्शिया, म्हणजे वेग बदलायला त्याचा होणारा विरोध, पात्यांच्या बाजूला आणायचा तर त्याला गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गानं गुणावं लागतं. तिनं नुसत्या ९७ नं गुणलं होतं. ९७ चा वर्ग ९४०९. फिरणाऱ्या सगळ्या वजनाच्या तुलनेत जनरेटरचा वाटा त्यामुळे जवळपास नाहीसाच झाला होता, आणि म्हणून तिची पवनचक्की दहा-बारा टक्के हलकी, चटकन वेग घेणारी. आपल्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे आहे. मी स्वतः तिला शिकवलेलं आहे. ही चूक स्वतःच्या कागदावर महिनोन्महिने दिसत नाही आणि दुसऱ्याला आल्या आल्या दिसते. शुद्धलेखनाचंही तसंच असतं.

मुख्य आलेख त्यांनी त्या दिवशी आणि त्या रात्री पुन्हा काढले, पाचही जणांनी, रात्री एकपर्यंत. बाकीचं चर्चेच्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहिलं. रिपोर्ट वेळेत गेला.

परीक्षेच्या खोलीत

तोंडी परीक्षेला सुपरव्हायझरसोबत बाहेरचा परीक्षक असतो, त्याला सेन्सॉर म्हणतात. आपला एक्स्टर्नलच. फरक इतकाच की रिपोर्ट तो वाचून आलेला असतो, आणि त्याच्या जेवणाची जबाबदारी कॉलेजवर नसते. गटानं आधी सादरीकरण केलं, मग सगळ्यांना मिळून प्रश्न, खूप वेळ.

तिच्या मॉडेलवरची सगळी उत्तरं तिनं दिली, वर्ग का करायचा हेही नीट सांगितलं. मग सेन्सॉरनं तिला इलेक्ट्रिशियनच्या प्रकरणातलं विचारलं : पाती जसजशी वळत जातात तसतशी कंट्रोलरची तीव्रता कमी का केली आहे? उत्तर साधं आहे. पाती जितकी वळलेली, तितका थोड्याशा वळणाचाही विजेवर जास्त परिणाम होतो. पण ही चर्चा झाली त्या दिवशी ती लॅपटॉपमध्ये होती. पुढचा प्रश्न पहिल्या प्रकरणातला, ग्रिडच्या नियमांबद्दल. तोही गेला. शेवटी त्यानं गटाकडे बघून विचारलं, ही इनर्शियाची चूक तुमच्या इतक्या उशिरा का लक्षात आली?

कुणी बोललं नाही. तिचं नाव कुणी घेतलं नाही. ती म्हणाली, "वेळ कमी पडला."

गुण सांगताना सुपरव्हायझरनं कारणही सांगितलं, तशी तिथे रीत आहे. त्याचा आशय : तुझा भाग तुला चांगला येतो, प्रोजेक्ट तुला कमी येतो. ती बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली आणि मला ते दोन शब्द पाठवले.

माझं वाचन

पहिल्यांदा मलाही वाटलं की हा अन्याय आहे. काम करणाऱ्याला चार आणि चारला घरी जाणाऱ्यांना बारा. नंतर मी कपाटातून २०१७ ची तिची बी.ई.ची ब्लॅक बुक काढली. चौघांचा गट, डोंगराळ भागासाठी छोटी पवनचक्की. सगळं काम तिनं केलं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. इतर तिघांनी वेल्डिंगचे आणि बाइंडिंगचे पैसे दिले. व्हायवाला एक्स्टर्नलनं तिला तीन प्रश्न विचारले, उरलेल्यांना "तुमचा रोल काय?" एवढं, आणि चौघांनाही सारखे मार्क पडले. पहिल्या पानावर गाइड म्हणून माझी सही आहे. एकटीनं खपून सगळ्यांना तारून नेणं हा गुण आहे, हे ती माझ्याच हाताखाली शिकली. तिकडे जाऊन तिनं तोच गुण वापरला.

पण एवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच. अडलंय हे न सांगण्यामागे सवयीइतकीच भीती होती, आणि भीतीला रुपयांत मोजता येत होतं. डॅनिश मुलगा परीक्षेत नापास झाला तर त्याला फेरपरीक्षेची संधी असते, पहिली धरून एका परीक्षेला एकूण तीन वेळा बसता येतं, आणि पुढच्या महिन्यात अनुदान येतच असतं. तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर एक हिशेब आहे : सेमिस्टरची फी भागिले दिवस, आणि रोजचा आकडा रुपयांत. घर तारण असलेल्या मुलीनं भर बैठकीत "मला जमत नाहीये" म्हणावं ही अपेक्षा कराराच्या पाचव्या कलमात सोपी दिसते. हॉटेलातल्या कामाचं तिनं पुढे सांगितलं तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, मग आपण शनिवारच्या बैठका का घेत होतो? त्याला खरंच माहीत नव्हतं.

आणि गटाचंही काही चुकलं, ते मी त्यांना कॉलवर विचारलं. आठ आठवड्यांत तुमच्यापैकी एकानंही तिची फाइल उघडून का बघितली नाही? पोलिश मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, आम्हाला वाटलं ती म्हणते आहे ना चालू आहे, म्हणजे चालू असेल. तिकडे याला विश्वास म्हणतात, आणि विश्वास चांगलाच. पण पुढ्यात बसलेली मुलगी रोज रात्री अकराला घरी जाते, तिचे डोळे सुजलेले आहेत, हे दिसत असताना न विचारणं म्हणजे विश्वासच असेल असं मला वाटत नाही. शिवाय या साऱ्या पद्धतीची ओळख बाहेरून आलेल्या मुलांना एका दुपारच्या व्याख्यानात करून दिली गेली. ज्यांना पहिलीपासून गटात बसायची सवय आहे त्यांना ती दुपार पुरते. बाकीच्यांचा पहिला प्रोजेक्ट ही ओळख होण्यातच खर्ची पडतो.

हे सगळं 'तिकडचे लोक थंड असतात' किंवा 'आपली मुलं बुजरी' या दोन वाक्यांत मिटवणारे पालक आणि शिक्षक मला भेटतात. दोन्ही वाक्यांनी काहीच कळत नाही. गटात बोलायला ती बुजरी नव्हती. गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिनं दोनदा केलं आहे. तिला न येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलता येत नव्हतं. हे वेगळं आहे, आणि ते फक्त तिचं नाही.

पुढे

दुसऱ्या सेमिस्टरला तिला त्याच गटात घेतील असं तिला वाटलं नव्हतं. इलेक्ट्रिशियननं तिला विचारलं. अट एकच घातली, सोमवारी "चालू आहे" हे उत्तर चालणार नाही, फाइल उघडून दाखवायची. सुरुवातीला तिला ते पोलीस चौकीत हजेरी दिल्यासारखं वाटायचं. एप्रिलच्या एका नोंदीत मात्र आहे, "आज माझं अडलेलं दाखवलं तर त्याचंही अडलेलं निघालं." त्या सेमिस्टरला तिला १० मिळाले. शेवटचं सेमिस्टर कोरोनात गेलं. मार्च २०२० मध्ये डेन्मार्कनं विद्यापीठं बंद केली आणि प्रबंधाची तोंडी परीक्षा तिनं होस्टेलच्या खोलीतून, लॅपटॉपसमोर दिली. सुपरव्हायझरला ती नावानं हाक मारते. माझ्याशी बोलताना अजूनही "सर"च, आणि मला ते आवडतं, हेही कबूल करतो.

मागच्या वर्षी मी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या साप्ताहिक प्रगतीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला : या आठवड्यात कुठे अडलं? मार्क नाहीत, शिक्षा नाही, हे दोनदा सांगितलं. शुक्रवारी सतरा गटांचे कागद आले. सोळांवर त्या रकान्यात एकच शब्द होता, आपल्या कचेऱ्यांतला जुना : निरंक. सतराव्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं होतं. खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिलं, पण वाचता आलं नाही.